चरकवाल्यांचा शॉर्टस्टॉप

"कॅचर नाही, पिचर अर्धा, आणि पहिल्या बेसवर तो ढोल्या. सांगा, ह्याला संघ म्हणायचं?" ओनेलिओने बाकावर थाप मारली. "यंदा आपण पहिल्या चारांत आलो ना, तर मिशी उतरवीन!"

"आहे कुठं मिशी तुला?" आन्सेल्मो न्हावी म्हणाला.

"वाढवीन आणि मग उतरवीन. तुझ्याकडे मात्र येणार नाही."

सगळे हसले. सांता रुफिनाच्या चौकात, चर्चच्या बाजूला, मोठ्या झाडाच्या सावलीत सिमेंटचे दोन बाक आहेत. गावात त्या जागेला तापला कोपरा म्हणतात. सकाळची कॉफी घशाखाली गेली की बेसबॉलवेडी माणसं तिथे जमतात आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत भांडतात. आमचा संघ म्हणजे चरकवाले. छातीवर उसाच्या चरकाचं चित्र. साखर कारखाना कधीच बंद पडला, खरा चरक भंगारात गेला, पण संघ आहे. क्युबाच्या ह्या कोपऱ्यात आम्हाला मान वर करून सांगण्यासारखं तेवढंच उरलंय.

"पिचर अर्धा कसा रे?" पोस्टातून निवृत्त झालेल्या क्विन्तिनने विचारलं.

"पाचव्या इनिंगपर्यंत राजा, सहाव्यात भिकारी. म्हणजे अर्धाच की! मी सांगतो, त्याचा खांदा गेलाय. बेनितोला पक्कं ठाऊक आहे. मॅनेजर असून तोंडातून शब्द काढत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय."

"तुला बाबा सगळीकडेच पाणी मुरताना दिसतं," आन्सेल्मो म्हणाला. "पंखे सोड, नळ दुरुस्त करत जा."

ओनेलिओ पंख्यांच्या जळलेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचा. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. बायको तरुणपणीच वारली, मूलबाळ नाही. भिंतीला भिंत लागून बहिणीचं, मिग्दालियाचं घर. तिचा नवरा उसाच्या ट्रकखाली सापडून गेला तेव्हा तिचं पोर जेमतेम चालत होतं. त्या पोराला खांद्यावर बसवून स्टेडियमवर नेलं ते मामाने. चिंध्यांवर चिकटपट्टी गुंडाळून चेंडू करून दिला तो मामाने. तेच पोर, दाइरॉन, आज चरकवाल्यांचा शॉर्टस्टॉप होतं.

"आणि शॉर्टस्टॉपला नाव नाही ठेवलंस ते?" बेकरीतल्या तातोने डिवचलं.

"तिथं बोट ठेवायला जागाच नाही," ओनेलिओची छाती फुगली. "दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधे भिंत उभी आहे भिंत. बाकीचे आठ बदला, माझी हरकत नाही."

"आहे तोवर आहे," क्विन्तिन म्हणाला. "पुढल्या महिन्यात पनामा आहे."

तातोने उगाच टोपी काढून झटकली.

पनामाला स्पर्धा होती आणि चरकवाल्यांना बोलावणं आलं होतं. बाहेरदेशी संघ गेला की परत किती येतील, ते आम्ही मोजत बसतो. गेल्या खेपेला आमचा कॅचर हॉटेलातून पाण्याची बाटली आणायला म्हणून खाली उतरला तो तिकडेच राहिला. त्याआधी मधल्या मैदानातला पोरगा राहिला. कोण कधी राहील, सांगता येत नाही. आणि विचारायचं नाही ही आमच्याकडची रीत. ज्याला विचाराल त्याला खोटं बोलावं लागतं. ज्याला तो खरं सांगेल, त्याला उद्या सरकारी माणसांनी घेरलं की तोंड लपवावं लागतं. म्हणून जाणारा सांगत नाही, मागचे विचारत नाहीत, आणि सगळं गाव नुसतं बघत बसतं.

बघायचं काय, तेही सगळ्यांना पाठ. माणूस एकाएकी आईशी फार गोड बोलायला लागतो. घराची राहिलेली कामं काढतो. जुनी भांडणं मिटवतो. आपल्या वस्तू वाटून टाकतो. कबरस्तानात जाऊन बापाला भेटून येतो. चांगला शर्ट घालून फोटो काढून घेतो. ह्यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर कोपरा कान टवकारतो. तीन दिसल्या की त्याच्या जागी कोण, ह्यावर वाद सुरू होतो.

"माझा भाचा तसला नाही," ओनेलिओ म्हणाला. त्याला वाटलं होतं, आवाज ठणठणीत निघेल. तो तसा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मिग्दालिया कॉफीचा छोटा कप घेऊन त्याच्या दारात आली. तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते.

"हे काय गं?"

"रंग! दाइरॉनने सगळं घर रंगवायला काढलंय, दादा. कुठून डबे पैदा केले देव जाणे. मी म्हटलं, पावसाळ्यानंतर बघू, तर म्हणतो, नाही आई, आत्ताच. पनामाला जायच्या आधी झालं पाहिजे."

ओनेलिओच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कॉफी गोड होती, तरी त्याने तोंड वाकडं केलं.

"इतकी घाई कसली त्याला?"

"आईची आठवण झाली म्हणायची! इतकी वर्षं ती मागची भिंत ओल धरून बसली होती, कधी बघितली नाही. आता रोज उठून विचारतो, आई, तुला अजून काय हवं? मला तर बाई रडूच येतं."

ती हसत होती. तिला कसं दिसत नाही? ओनेलिओला तिचा राग आला, आणि मग स्वतःचाच आला.

त्या दिवसापासून मामाने भाच्यावर पाळत ठेवली. दुकानाच्या खिडकीतून बहिणीचं अंगण दिसायचं. दाइरॉन सरावाहून आला की ओनेलिओच्या हातातली तांब्याची तार तशीच लोंबकळत राहायची. एका संध्याकाळी दुसऱ्या बेसवरचा लाझारो अंगणात येऊन बसलेला दिसला. लाझारो! गेल्या हंगामात ह्या दोघांनी ड्रेसिंग रूममध्ये एकमेकांची कॉलर धरली होती, तेव्हापासून मैदानावर चेंडू सोडला तर दुसरं काही एकमेकांना देत नव्हते. आणि आता दोघं घेवडाभात एकाच ताटात खातायत आणि खिदळतायत. जुनं भांडण मिटलं, ओनेलिओने मनात म्हटलं.

रविवारी दाइरॉन चुन्याची बादली घेऊन कबरस्तानात गेला. ओनेलिओ मागून गेला आणि फाटकाबाहेर फुलं विकणाऱ्या बाईशी भाव करत उभा राहिला. आत पोरगं बापाच्या कबरीला चुना लावत होतं आणि काहीतरी बोलत होतं. बराच वेळ बोलत होतं. ओनेलिओने फुलं घेतली नाहीत. बाई मागून शिव्या घालत राहिली.

संध्याकाळच्या सामन्यात पंचाने दाइरॉनला धडधडीत चुकीचा बाद दिला. एरवी पोराने टोपी आपटली असती. त्या दिवशी तो हसला, पंचाच्या पाठीवर थाप मारली आणि जाऊन बसला.

"सुधारला की भाचा तुझा!" आन्सेल्मो म्हणाला. तो बाजूलाच शेंगा सोलत होता.

"हूं."

"वय झालं की सगळेच सुधारतात. तुझं तेवढं राहिलंय."

ओनेलिओला शेंगा गोड लागेनात. माणूस निघायला झाला की त्याला कशाचाच राग येत नाही, हे ह्या न्हाव्याला कुणी सांगावं! तो संघाचा विचार करायला लागला. दाइरॉन गेला तर शॉर्टस्टॉपला कोण? लाझारोला तिकडे सरकवला तर दुसऱ्या बेसवर कोण? ढोल्याला? देवा रे! हंगाम तिथेच संपला म्हणायचा. आणि मिग्दालियाचं काय? तिला घरात एकटीला झोप येत नाही. विचार असे एकमेकांत गुंतायचे की बहिणीची काळजी कुठे संपते आणि संघाची कुठे सुरू होते, त्यालाच कळेना.

एकदा तोंडावर आलं होतं. बहिणीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला चीर गेली होती, ती दोघं मिळून बुजवत होते.

"मामा, पनामाहून काय आणू तुला?"

"तू ये म्हणजे झालं."

दाइरॉनचा हात थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? नीट जा, नीट ये."

"येणारच की. आल्यावर मला तुझ्याशी एक महत्त्वाचं बोलायचंय."

"मग आत्ता बोल ना."

"आत्ता नाही. नाट लागते. आल्यावर."

विचार रे बाबा, एकदा विचार, असं ओनेलिओचं मन ओरडत होतं. पण रीत ती रीत. त्यात आणि जाणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, आल्यावर बोलू. कॅचरसुद्धा आपल्या बायकोला म्हणाला होता, आल्यावर तुला नवा मिक्सर घेऊ. ओनेलिओने सिमेंटचा गोळा चिरेत दाबला आणि म्हणाला, "बरं. आल्यावर."

त्याच आठवड्यात बेनितो त्याचा टेबलफॅन न्यायला दुकानात आला. बेनितो म्हणजे मॅनेजर, अंगाने आडवा, बोलायला हळू. ओनेलिओने त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली. पिचरच्या खांद्याबद्दल खडा टाकून बघितला, पण बेनितोने ताकास तूर लागू दिली नाही. मग बेनितोच म्हणाला, "तुमच्या भाच्याच्या जिवावर चाललोय आम्ही पनामाला. काय म्हणतो गडी?"

साधा प्रश्न होता. बरा आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"बेनितो," ओनेलिओ म्हणाला, "जरा लक्ष असू द्या त्याच्यावर."

बेनितोने कप खाली ठेवला. "म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. तरुण रक्त."

"ओनेलिओ, नीट बोला."

"काही नाही हो. आता घर रंगवायला काढलंय. हौस त्याची."

ह्याहून एक अक्षर जास्त तो बोलला नाही. पण आमच्या गावात तेवढं पुरतं. बेनितो पंखा उचलून निघाला. चालवून दाखवू का, असं ओनेलिओने विचारलं, तर तो नको म्हणाला.

तो गेल्यावर ओनेलिओला हलकं वाटलं, हे खोटं कशाला सांगा? पोरगं इथेच राहील. आठवडाभर रुसेल, मग विसरेल. बहिणीचं घर राहील, शॉर्टस्टॉपची जागा राहील. त्या दुपारी तो जेवून गाढ झोपला.

पनामाची नावं स्टेडियमच्या पायऱ्यांवर उभं राहून बेनितोने वाचली. निम्मं गाव जमलं होतं. लाझारोचं नाव आलं, अर्ध्या पिचरचं आलं, ढोल्याचंसुद्धा आलं. दाइरॉनचं आलं नाही. बेनितोने कागदाची घडी घातली आणि कुणाकडे न बघता आत निघून गेला.

आधी कुणालाच काही समजलं नाही. आणि मग सगळ्यांना एकदम समजलं.

"बघा, मी म्हणत नव्हतो? रंग कशाला काढलान?"

"कबरस्तानात गेला होता म्हणे."

"वरच्यांनी उगाच नाही नाव कापलं. काहीतरी असल्याशिवाय!"

दाइरॉन पायरीवर उभा होता. त्याच्या बाजूची माणसं एकेक पाऊल मागे सरकत गेली.

संध्याकाळी तो मामाच्या दुकानात आला. दिवा न लावता ओनेलिओ बसला होता. पोरगं स्टुलावर बसलं, एक सुटा पंखा हाताने फिरवत राहिलं.

"मामा, मी लग्न करणार होतो."

ओनेलिओला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. "कुणाशी?"

"लिस्बेतशी. लाझारोची बहीण. किनाऱ्यावर त्यांच्या गावी नर्स आहे. त्यासाठी तर लाझारोचे पाय धरले मी, सहा महिने तो मला उभा करत नव्हता. घर तिच्यासाठी रंगवत होतो. पपांना जाऊन सांगून आलो. लग्नाचा शर्ट घालून फोटोपण काढला, तिच्या आजीला दाखवायला. पनामाहून आलो की आधी तुला सांगणार होतो. बापाच्या जागी तूच उभा राहायचास ना!"

जाणारा माणूस जे जे करतो, ते सगळं ह्या पोराने इथे कायमचं राहण्यासाठी केलं होतं.

"मग... मग आता काय बिघडलं? कर लग्न."

"आत्ताच तिच्या बापाचा फोन आला होता, नाही म्हणतोय. ज्याचं नाव असं कापलं गेलं, तो आज ना उद्या जाणारच, माझी पोरगी रिकाम्या घरात बसवू का म्हणतो." दाइरॉनने पंखा खाली ठेवला. "कुणीतरी बोललंय, मामा. बेनितोच्या कानाशी कुणीतरी लागलंय. तू कोपऱ्यावर बसतोस, तुला सगळ्यांचं माहीत असतं. कोण असेल रे?"

तो सरळ मामाच्या डोळ्यांत बघत होता. अंधार पडत होता, तरी ते डोळे दिसत होते.

आता सांगून टाकावं. चार शब्द होते. पोरगं भडकलं असतं, एखादा पंखा फेकून मारला असता, आणि मग दोघं मिळून बेनितोकडे गेले असते. ओनेलिओने तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं.

"न्हाव्याच्या खुर्चीत बसून माणसं काय काय बोलतात," तो म्हणाला. "बेनितोपण तिथेच दाढी करतो."

"आन्सेल्मो म्हणतोस?"

"मी कुणाचं नाव घेत नाही बाबा."

"बरं," दाइरॉन म्हणाला आणि उठून गेला.

नाव घ्यायची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर तातोने विचारलं तेव्हा ओनेलिओने तेच वाक्य म्हटलं, आणि पुढचं काम तातोने केलं. आन्सेल्मो आला तर बाकावर त्याला जागा होईना. सगळे पाय पसरून बसलेले.

"काय झालं रे?" त्याने विचारलं.

"तुझी जीभ कुठे कुठे जाते ते बघतोय," क्विन्तिन म्हणाला.

"माझी जीभ? दाइरॉनबद्दल म्हणताय? अरे, मी त्या पोराचं जावळ काढलंय!" तो ओनेलिओकडे वळला. "तू तरी सांग ह्यांना."

ओनेलिओने पायातली वहाण झटकली, जणू खडा गेला होता. आन्सेल्मो हातातली कात्री मिटून खिशात घालत दुकानाकडे निघून गेला.

त्या महिन्यात सांता रुफिनातल्या पुरुषांचे केस मानेवर आले. कुणी आन्सेल्मोकडे जाईना. तातोच्या बायकोने त्याची हजामत घरीच केली, तर डोकं असं दिसायला लागलं की बेकरीत गिऱ्हाईक आधी त्याला हसायचं आणि मग पाव मागायचं. आन्सेल्मो खुर्ची दारात आणून स्वतःच तिच्यात बसून असायचा. ओनेलिओ घरी जाताना वाट वाकडी करून मागच्या गल्लीने जायला लागला.

संघ पनामाहून हात हलवत आला. कुणीही राहिलं नव्हतं. तिकडे कुणाला ते हवेच नव्हते. हंगाम पुढे सुरू झाला, पण त्यात जीव नव्हता. दाइरॉन बॅट घेऊन आला की आपल्याच गावचे लोक आपल्याच शॉर्टस्टॉपला ओरडायचे, "पनामा! पनामा!" आधी थट्टेने ओरडायचे, मग सवयीने. एका सामन्यात सरळ पायाशी आलेला चेंडू त्याच्या हातून निसटला. "विकलेला आहे!" मागून कुणीतरी किंचाळलं. ओनेलिओ ताडकन उठला, मुठी आवळल्या, आणि आपण कुठल्या तोंडाने बोलणार हे आठवून पुन्हा खाली बसला.

मिग्दालिया स्टेडियमवर यायची बंद झाली. घर अर्धं निळं, अर्धं ओलीचं, तसंच राहिलं. रंगाचे डबे अंगणात पडून होते.

"दादा, त्या न्हाव्याचं वाटोळं होईल," ती रोज म्हणायची. "माझ्या पोराच्या लग्नात विष कालवलं त्याने."

"जाऊ दे गं."

"कसं जाऊ देऊ? तू फार साधा आहेस."

रात्री अंथरुणावर पडून ओनेलिओ संघ मांडायचा, ती त्याची जुनी सवय. पहिल्या बेसवर अमका, मैदानात तमका. आता मांडायला घेतला की शॉर्टस्टॉपपाशी येऊन अडायचा आणि उठून पाणी प्यायचा. उद्या सांगू, उद्या नक्की सांगू. दाइरॉन समोर आला की मात्र तो हंगामाबद्दल बोलायचा, पिचरच्या खांद्याबद्दल बोलायचा. पोरगं हो मामा, खरंय मामा म्हणायचं. कधी कधी बोलता बोलता थांबून त्याच्याकडे नुसतं बघायचं, वाट बघत असल्यासारखं. ओनेलिओला ती नजर सोसायची नाही. चरकवाले शेवटून दुसरे आले.

हंगाम संपल्यावर थोड्याच दिवसांनी, एका सकाळी ओनेलिओ कोपऱ्यावर आला तर बाकावर आन्सेल्मो बसलेला. दुसरं कुणी अजून आलं नव्हतं.

"बस," आन्सेल्मो म्हणाला. "पोरगं गेलं."

ओनेलिओ उभाच राहिला. "कुठे गेलं?"

"गेलं. देशाबाहेर. लिस्बेतपण बरोबर आहे. आत्ता पोचलेही असतील."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानेच. परवा केस कापायला आला होता. इतक्या दिवसांत माझ्या खुर्चीत बसलेलं पहिलं माणूस. म्हणाला, आन्सेल्मोकाका, नीट कापा, लांब जायचंय. मी म्हटलं, मला का सांगतोस? तर म्हणाला, तुम्ही कुणाला बोलणार नाही हे मला माहीत आहे."

ओनेलिओ बाकाच्या टोकाला टेकला.

"त्याला ठाऊक होतं," आन्सेल्मो हळू म्हणाला. "तूच ते. नाव कापलं त्याच दिवशी बेनितोने त्याला सांगितलं होतं. तिथूनच तो तुझ्या दुकानात आला होता."

"मग मला का विचारलं त्याने? कोण असेल म्हणून मला का विचारलं?"

"तू सांगशील असं वाटलं त्याला. सांगितलं असतंस तर गेलो नसतो, म्हणाला."

ओनेलिओने झाडाच्या खोडाला हात लावला. इतक्यात पलीकडून तातो आणि क्विन्तिन येताना दिसले, मागे आणखी चारपाच जण. बातमी गावात पोचली होती.

"हा इथं बसलाय बघा!" तातो लांबूनच ओरडला. "झालं समाधान? घालवलंस पोराला! ऊठ आधी आमच्या बाकावरून!"

आन्सेल्मो उठला नाही, बोललाही नाही. त्याने फक्त ओनेलिओकडे बघितलं. एक वाक्य बोलला असता तर तो सुटला असता.

"ऊठ म्हणतो ना!" तातोने त्याचा दंड धरला.

"मी बोललो," ओनेलिओ म्हणाला.

कुणाला ऐकू गेलं नाही. तो उभा राहिला आणि ओरडला, "मी बोललो रे! बेनितोला मी सांगितलं. ह्याने नाही. मी!"

सगळे थांबले. तातोने दंड सोडला, आणि मग ओनेलिओच्या पाठीवर हात ठेवला.

"बस, बस खाली. मन मोठं आहे तुझं. पण ह्याच्यासाठी अंगावर कशाला घेतोस?"

"अंगावर काय घेतोय? मीच बोललो! बेनितोला विचारा!"

"बेनितो कशाला खरं सांगेल?" क्विन्तिन म्हणाला. "धक्का बसलाय त्याला. पाणी आणा कुणीतरी."

"अरे, मी त्याला म्हणालो की—"

"आणि समजा, बोललास," तातो हसला, "तरी कुणाला पटेल का? सख्खा मामा असं करेल?"

दोघंतिघं मान हलवून हसले. ओनेलिओ एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. जन्मभर सगळ्यांवर संशय घेतलेल्या ह्या माणसावर आज एकालाही संशय येत नव्हता.

मग तातोचं हसणं थांबलं. बाकामागे मिग्दालिया उभी होती. पायात घरातल्या सपाता, केस विंचरलेले नाहीत. पोराची गादी रिकामी बघून ती तशीच भावाला शोधत आली होती. कोपऱ्यावर ती आयुष्यात कधी आली नव्हती. ती हसत नव्हती.

"कधी?" तिने विचारलं.

"मिग्दा..."

"कधी बोललास?"

"पंखा न्यायला आला होता तेव्हा."

"काय म्हणालास?"

"घर रंगवायला काढलंय म्हणालो."

तिने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. तिच्या नखांत अजून कुठेतरी निळं होतं. भाऊ काहीतरी सांगू लागला, तिच्यासाठीच केलं म्हणाला, तिचंच घर रिकामं होऊ नये म्हणून. तिने ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

"चावी दे," ती म्हणाली.

नवरा गेल्यापासून तिच्या घराची एक चावी भावाच्या गळ्यात असायची. ओनेलिओने शर्टाच्या आतून दोरा ओढला. गाठ जुनी झाली होती, घामाने घट्ट बसलेली. त्याला ती सुटेना. मिग्दालिया हात पुढे करून उभी होती.

आन्सेल्मो उठला, खिशातली कात्री काढली आणि ओनेलिओच्या मानेमागे दोरा कापला. चावी त्याने मिग्दालियाच्या हातात दिली.

ती चौक ओलांडून उन्हातून घरी निघाली. तातो आपल्या टोपीकडे बघत होता. ओनेलिओ उभाच होता, आणि त्याला कुणी बस म्हणालं नाही.